भाचीचा जॅम

गेल्या रविवारी सकाळी भाचीचा फोन आला. सकाळी म्हणजे साडेअकराला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, तिच्या हिशेबाने ती पहाटच.

"मामा, मी जॅमला नाव दिलं."

फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरातून आमच्या मातोश्री, म्हणजे तिची आजी, ओरडल्या, "कसला जॅम? संत्र्याचा का? साखर बेताने घालायला सांग तिला." नागपूरच्या बाईचं डोकं जॅम म्हटल्यावर संत्र्याकडेच जाणार, त्यात तिची काही चूक नाही. ताईला म्हणे आधी वाटलं की पोरगी कुठेतरी ट्रॅफिक जॅममध्ये अडकली. एका घरात एका शब्दाचे तीन अर्थ.

तर नातेवाईक मंडळींसाठी आधी खुलासा. गेम जॅम म्हणजे ठरलेल्या वेळात, बहुतेक वेळा ४८ तासांत, एक व्हिडिओ गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत करायचा. एकट्याने करा नाहीतर टोळी जमवून करा. विषय आयत्या वेळी जाहीर होतो, त्यामुळे आधीपासून तयारी करून कुणी येऊ शकत नाही. नाव आलंय जाझवाल्यांच्या जॅम सेशनवरून. आपल्याकडे चार जण जमले, कुणी पेटी काढली, कुणी तबला ओढला आणि रात्र कशी गेली कळलं नाही, असं होतं ना? तसंच, फक्त इथे पेटीच्या जागी लॅपटॉप. बक्षीस बहुतेक ठिकाणी नसतं. (हे वाक्य ताईच्या नवऱ्यासाठी. भावजी, पैसे मिळत नाहीत, विचारू नका.)

हे खूळ तसं फार जुनं नाही. २००२ साली अमेरिकेत ओकलंडला चौदाएक प्रोग्रॅमर मंडळी चार दिवस एकत्र बसली. पडद्यावर एकाच वेळी लाखभर छोटी माणसं दाखवू शकणारं एक इंजिन त्यांनी हाती घेतलं आणि त्यावर डझनभर विचित्र गेम केले. त्याच वर्षी जिऑफ हाऊलंड या माणसाने इंटरनेटवर 'लुडम डेअर' सुरू केलं. मग २००९ च्या जानेवारीत 'ग्लोबल गेम जॅम' आला. पहिल्याच वर्षी २३ देशांत ५३ ठिकाणी लोक एकाच शनिवार-रविवारी डोकं फोडत बसले होते. आपल्याकडे नॅसकॉमच्या गेम डेव्हलपर परिषदेच्या निमित्ताने 'बिल्ड युअर ओन गेम' नावाचा ४८ तासांचा जॅम सुरू झाला. ती परिषद काही वर्षं पुण्यात भरायची, त्यामुळे मराठी पोरांना हे प्रकरण तेव्हापासून माहीत आहे. भाचीचा जॅम मात्र यातला कुठलाच नाही. कॉलेजातल्याच पोरांनी ठरवलेला, कॉम्प्युटर लॅबमध्ये. शुक्रवारी संध्याकाळी सहा ते रविवारी संध्याकाळी सहा.

"तू केलेत ना जॅम? मग टिप्स दे ना."

मी आजवर सात जॅम केले. सहांत काहीतरी जमा केलं, एकात काहीच नाही. तो एक म्हणजे पहिला. तो तिला माहीत नाही. घरात कुणालाच धड माहीत नाही, आईला एवढंच आठवतं की त्या वर्षी माझा एक मित्र आमच्याकडे यायचा बंद झाला. फोनवर मी तिला झोप घे, पाणी पी, वेळेत अपलोड कर वगैरे सांगितलं. मग फोन ठेवल्यावर वाटलं, हे तर तिला कुणीही सांगेल. खरं सांगायचं ते राहिलंच.

डिसेंबर २०१३. लुडम डेअरचा अठ्ठाविसावा जॅम. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शुक्रवारी संध्याकाळी सहाला सुरू व्हायचा, म्हणजे आपल्याकडे शनिवारी सकाळी साडेसात. एकट्यांसाठी ४८ तास, टोळीसाठी ७२. नागपुरात हिवाळी अधिवेशन चालू, त्यामुळे सगळीकडे मोर्चे, पोलिसांचे दोर आणि लाल दिव्याच्या गाड्या. आम्ही तिघं माझ्या खोलीत. मी कोड लिहिणार. एक जण आवाज करणार, म्हणजे कीबोर्ड वाजवणार. आणि तिसरा, चित्रं काढणारा. हा माझा पाचवीपासूनचा मित्र. बँकेत नोकरी, पण हात असा की बसल्या बसल्या पासबुकाच्या मागे समोरच्या गिऱ्हाईकाचं चित्र काढेल. जॅमसाठी त्याने सोमवारची सुट्टी टाकली. बँकेत महिनाअखेर नसली तरी डिसेंबरातली सुट्टी काय असते ते बँकवाल्यांना विचारा.

साडेसातला विषय आला: 'तुम्हाला एकच मिळतं.'

आम्ही अर्ध्या तासात ठरवलं. एक माणूस, त्याच्या खिशात शंभराची एकच नोट, आणि समोर अख्खी बर्डी. व्हेरायटी चौकापासून सुरू करून सगळा बाजार, मोदी नंबर एक, दोन, तीन, सगळ्या गल्ल्या. त्या एका नोटेत घरच्या प्रत्येकाला आवडेल असं काही घ्यायचं. चाळीस दुकानं. प्रत्येक दुकानदाराशी घासाघीस. संध्याकाळ झाली की दिवे लागणार. मागे किल्ल्याची टेकडी. वा वा! तिघंही उड्या मारत होतो. चाळीस दुकानं भागिले ७२ तास, हा हिशेब कुणी केला नाही. बँकेतल्यानेही नाही.

इथे मी पहिला शहाणपणा केला. मला फ्लॅश येत होतं, चांगलं येत होतं. पण महिन्यापूर्वीच युनिटीची ४.३ ही आवृत्ती आली होती आणि तिच्यात द्विमितीय गेमसाठी नवी साधनं होती. म्हटलं, चला, या निमित्ताने शिकून घेऊ. शनिवार दुपारपर्यंत मी शिकत होतो. दुसरा शहाणपणा म्हणजे शनिवार दुपार ते रविवार रात्र मी खिशात काय काय आहे ते दाखवणारी खिडकी बनवत बसलो. कशात काय ठेवता येईल, वस्तू ओढून कशी नेता येईल, तिच्यावर बोट नेलं की माहिती कशी दिसेल. खिशात एकच नोट आहे हे लक्षात घ्या! त्या नोटेसाठी मी बारा खणांचं कपाट केलं.

आणि मित्र चित्रं काढत होता. कागदावर, जलरंगात. भांड्यांचं दुकान, बांगड्यांचं, चपलांचं, पेनवाला, फुटपाथवरचा स्वेटरवाला. मी त्याला सांगितलं, मोठं स्कॅन कर, लहान नंतर करू. त्याने ६०० डीपीआयवर स्कॅन केलं, एकेक फाईल शंभर एमबीची. सोमवारी संध्याकाळपर्यंत तेवीस दुकानं झाली होती. मी अजून पोळ्या आहेत तशा फोडणीच्या करून खा म्हणालो, तो "होते नं बे, दोन दुकानं राहिली" करत जमिनीवर वाकून बसलेला.

सोमवारी रात्री ती चित्रं गेममध्ये घातली आणि लॅपटॉप बसला. प्रोजेक्ट उघडायलाच पंधरा मिनिटं. उघडला की माणूस दोन पावलं चालून थांबायचा. बाकीचे दोघं झोपले होते. मंगळवारची पहाट, तीन वाजलेले, साडेसातला सगळं संपणार. तेवीस चित्रं लहान करायला तासभर पुरला असता. मला ते सुचलंच नाही म्हणावं, तर तेही खरं नाही. सुचलं होतं. पण तोवर माझ्या डोक्यात हा गेम माझा झाला होता, आणि चित्रं त्या गेमच्या वाटेत येणारी अडचण. मी सगळी चित्रं काढून टाकली आणि त्यांच्या जागी करडे चौकोन ठेवले. प्रत्येकावर इंग्रजीत 'दुकान १', 'दुकान २'. त्याला उठवलं नाही.

तो सहाला उठला. चहा न घेता माझ्या मागे येऊन उभा राहिला. मी न वळता म्हटलं, "स्लो होत होतं म्हणून काढली, नंतर टाकू." तो थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग जमिनीवरचे कागद एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या, पिशवीत घातले, "निघतो" म्हणाला, आणि खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. भांडण नाही, शिवी नाही. नागपूरचा माणूस शिवी न देता निघाला म्हणजे काय ते समजून घ्या.

गेम अर्थात जमा झालाच नाही. लुडम डेअरवाले अपलोडसाठी तासभर जास्तीचा देतात, त्या तासात माझा गेम सुरू होता होताच बंद पडत होता. कारण कोडमध्ये एके ठिकाणी अजूनही त्या चित्रांची नावं होती आणि गेम ती शोधत होता. चित्रं मी काढली होती, पण गेमला त्यांच्याशिवाय चालता येत नव्हतं. (हे तेव्हा मला मुळीच काव्यात्म वगैरे वाटलं नाही. मी लॅपटॉपला शिव्या घातल्या.)

आम्ही सात वर्षं धड बोललो नाही. लग्नाकार्यात भेटायचो, "काय म्हणतो?" "मजेत." संपलं.

म्हणून भाचीबाई, टिप नंबर एक, जी कुठेच लिहिलेली नसते. जॅममध्ये गोष्टी कापाव्याच लागतात. कोणाचंतरी काहीतरी जाणारच. ते कापायच्या आधी ज्याने केलंय त्याला उठव. पहाटेचे तीन असले तरी उठव. आणि पहिल्याच तासात, सगळे ताजे असताना, ठरवून टाका की काय सर्वात आधी जाईल, काय गेलं तरी चालेल आणि काय मुळीच जाऊ द्यायचं नाही. पहाटे तीनला माणूस न्यायाधीश होण्याच्या लायकीचा नसतो.

बाकीचं सगळं यातूनच निघतं. जो विचार पहिल्यांदा सुचेल तो लिही, मग त्याचा अर्धा कर, मग त्या अर्ध्याचा अर्धा. जे उरेल तेही शनिवारी रात्री जास्तच वाटणार आहे. आमची बर्डी एका दुकानाची असती तर? एक दुकान, एक दुकानदार, एक नोट, आणि घरी बायको, मुलगी, आई. बस. तो गेम चांगला झाला असता असं मला आजही वाटतं. चाळीस दुकानांत जे सांगायचं होतं ते एका दुकानात जास्त टोचलं असतं.

नवीन साधन जॅममध्ये शिकू नये. तुला जे येतं ते घे. कॉलेजात युनिटी शिकवलं असेल तर युनिटी. गोडो आवडत असेल तर तो, फुकट आहे, मुक्त आहे आणि साध्या लॅपटॉपवर पळतो. स्क्रॅच शाळेतल्या पोरांचं म्हणून नाक मुरडू नकोस, एमआयटीवाल्यांनी २००७ मध्ये ते आणल्यापासून त्यात लोकांनी काय काय केलंय ते बघ. आणि काही नवीन वापरायचंच असेल तर ते आधीच्या शनिवार-रविवारी वापरून बघ. एक चौकोन डावी-उजवीकडे हलव, दुसऱ्या चौकोनाला लागला की आवाज काढ, आणि, हे महत्त्वाचं, तो फालतू गेम बाहेर काढून दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर चालवून बघ. आपल्या कॉम्प्युटरवर सगळंच चालतं. मुलाची नक्कल घरी छान आणि पाहुण्यांसमोर गप्प, तोच प्रकार.

शुक्रवारी रात्री झोपायच्या आधी काहीतरी खेळता आलं पाहिजे. चौकोनच असेनात. हरता आलं पाहिजे नाहीतर जिंकता आलं पाहिजे. सुरुवातीचा पडदा, नाव, श्रेयनामावली हे सगळं नंतर. माझ्यासारखं खिशाचं कपाट करत बसू नकोस. आणि दर दोन-तीन तासांनी चालू स्थितीतली एक प्रत बाजूला ठेव, पेन ड्राइव्हवर ठेव, गिटवर ठेव, कुठेही ठेव. रविवारी दुपारी चारला सगळं मोडतं, हा निसर्गनियम आहे. तेव्हा दोनची प्रत हाताशी असली की माणूस रडत नाही.

आवाज शेवटावर टाकू नकोस. सगळे टाकतात. आमचा कीबोर्डवाला तीन दिवस बसून होता आणि त्याचा एक सूरही गेममध्ये गेला नाही, तो बिचारा हसण्यावारी नेतो म्हणून त्याच्याविषयी फारसं लिहिलं नाही. स्वतः काही करता येत नसेल तर केनी नावाच्या डच माणसाची चित्रं आणि आवाज फुकट वापरायला ठेवलेले आहेत, त्याला श्रेय द्यायचीही सक्ती नाही. पण दुसऱ्या कुणाचं घेतलंस तर परवाना वाच आणि नाव लिही. तुमच्या पिढीचा प्रश्न वेगळा आहे, तुम्ही एआयला सांगाल आणि ते पाच मिनिटांत दुकानं काढून देईल. काही जॅममध्ये ते चालतं, काहींत नाही, नियम आधी वाच. मला स्वतःला विचारशील तर टोळीत चित्रं काढणारा माणूस बसलेला असताना यंत्राकडून चित्रं घेणं म्हणजे पहाटे तीनचे करडे चौकोनच. पण मी जुना माणूस आहे.

झोप. हो, फोनवर सांगितलं होतं, तरी परत. ४८ तासांत दोन रात्री असतात, दोन्ही रात्री पाच-पाच तास झोप. रात्रभर जागून लिहिलेला कोड सकाळी वाचला की कुण्या शत्रूने लिहिल्यासारखा वाटतो. आणि खाणं. पोरं जॅममध्ये चिप्स आणि एनर्जी ड्रिंकवर राहतात. सकाळी चौकात जाऊन तर्री पोहे खा, जाऊन येऊन पाय मोकळे होतात आणि निम्मे प्रश्न पोह्याच्या गाडीवर उभं असतानाच सुटतात. पण सावजीचं वगैरे जॅम संपल्यावर. सावजी खाऊन कोड लिहिता येत नाही, मी करून बघितलंय.

आता सातातला पाचवा. यासाठीच खरं तर लिहायला बसलो.

जानेवारी २०२१. कोविडमुळे ग्लोबल गेम जॅम पहिल्यांदाच घरबसल्या झाला. विषय होता 'हरवले-सापडले'. मी एकटाच करणार होतो. नाव नोंदवलं आणि का कोण जाणे, मित्राला मेसेज टाकला. सात वर्षांत सणाच्या शुभेच्छांपलीकडे पहिला. विषय लिहिला आणि खाली लिहिलं, 'तान्ह्या पोळ्यात बैल हरवला तर?' एवढंच. माफी वगैरे लिहून दोनदा खोडली.

बाहेरच्यांसाठी: आमच्याकडे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरांचा तान्हा पोळा असतो. चाकांचे लाकडी बैल सजवून दोरीने ओढत न्यायचे, आरास बघायला लोक जमतात, घरोघरी गेलं की बोजारा मिळतो, म्हणजे पैसे नाहीतर खाऊ. त्याच दिवशी नागपुरात मारबत निघते, तोबा गर्दी. आम्ही दुसरीत-तिसरीत असताना (तेव्हा ओळख नव्हती, पण गर्दी तीच) कुणा ना कुणाचा बैल दरवर्षी हरवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर सहा चित्रं आली. पेन्सिलची. सहा लाकडी बैल, प्रत्येकाचा चेहरा वेगळा. एकाचं शिंग तुटकं, एकाचं चाक सायकलच्या खेळण्याचं. खाली एक ओळ: 'यातलं काही कापायचं असलं तर आधी फोन कर.'

गेम एका पडद्याचा केला. अंधारी गर्दी, दिसतात ते फक्त पाय. डावीकडे जा, उजवीकडे जा, दोनच कळा. तुमच्या बैलाच्या घुंगराचा आवाज जवळ गेलं की वाढतो. कानाने शोधायचं. घुंगरू आईच्या देवघरातून आणलेलं, फोनवर रेकॉर्ड केलं, मागे कुकरची शिट्टी आहे ती काढता आली नाही, राहू दिली. रविवारी दुपारी एकदाच वाटलं की दोन बैल कमी केले तर शेवटचा भाग नीट बसेल. फोन केला. तो म्हणाला, "कोणते दोन?" मी सांगितलं. तो म्हणाला, "तुटक्या शिंगाचा ठेव, त्याऐवजी तिसरा काढ." मी तिसरा काढला. संपलं. दोन मिनिटांचा फोन.

पहिल्यांदा आईलाच खेळायला दिला. ती पाच मिनिटं नुसती उजवीकडे जात राहिली, कारण डावीकडेही जाता येतं हे पडद्यावर कुठे लिहिलेलंच नव्हतं. मला वाटलं होतं ते कळतंच. नाही कळत. म्हणून सांगतो, ज्याला तुमच्या गेमचं काहीही माहीत नाही अशा एका माणसाला शनिवारीच खेळायला द्या आणि त्याच्या मागे तोंड बंद ठेवून उभे राहा. तोंड बंद ठेवणं हा जॅममधला सर्वात कठीण भाग आहे. आणि गेम असा बाहेर काढा की ब्राउझरमध्येच खेळता येईल. अनोळखी माणसाची फाईल कुणी उतरवून घेत नाही.

आमच्या बैलाचा गेम मोजक्या लोकांनी खेळला. कुणीतरी परदेशातून विचारलं की बैलाला चाकं का आहेत. मित्राने त्याला इंग्रजीत चार परिच्छेदांचं उत्तर लिहिलं, बोजाऱ्यासकट. मी म्हटलं एवढं कोण वाचेल? तो म्हणाला, "त्याने विचारलं नं बे."

ताई आता विचारेल की याचा पुढे उपयोग काय. होतो कधीकधी. 'सर्जन सिम्युलेटर' हा गाजलेला गेम २०१३ च्या ग्लोबल गेम जॅममध्ये जन्माला आला, त्या वर्षी विषय म्हणून शब्दही नव्हता, नुसते हृदयाचे ठोके ऐकवले होते. फिनलंडच्या आर्वी टेकारीने 'बाबा इज यू' २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये केला आणि पुरा करून विकायला दोन वर्षं घेतली. पण ते भविष्य डोळ्यांपुढे ठेवून जॅमला बसू नये. पूर्ण गेम ही वेगळीच तपश्चर्या आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या लोकांनी 'राजी' केला, २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी ते चिकटून राहिले आणि २०२० मध्ये गेम बाजारात आला. ती चिकाटी जॅममध्ये येत नाही. जॅममध्ये फार तर एवढं कळतं की आपल्याला हे लोकांबरोबर बसून करायला आवडतं की नाही, आणि आपल्याबरोबर बसायला लोकांना आवडतं की नाही. दुसरा भाग मला फार उशिरा कळला.

अजून एक. संपल्यावर पळून जाऊ नकोस. दुसऱ्यांचे गेम खेळ, निदान दहा तरी, आणि प्रत्येकाला एक खरी ओळ सांग. 'मस्त' नाही. काय आवडलं ते. लुडम डेअरमध्ये तर तुम्ही दुसऱ्यांचे खेळलात तरच तुमचा लोकांपुढे येतो, पण तो हिशेब सोड. दोन रात्री कुणीतरी जागलंय.

हो, एक गंमत राहिली. अमेरिकेत २०१४ पासून काही वर्षं शिकागो ते सॅन फ्रान्सिस्को धावत्या रेल्वेत जॅम व्हायचा, ५२ तासांचा. मित्र तेव्हापासून मागे लागलाय की आपण विदर्भ एक्सप्रेसमध्ये करू. एका रात्रीचा. विषय गोंदियाच्या कुणा प्रवाशाला विचारायचा. मी म्हटलं, साईड लोअर मिळाला तर.

तेवीस दुकानांची ती चित्रं त्याच्याकडेच आहेत, त्याच पिशवीत. मागच्या वर्षी मी विचारलं, बघू का? म्हणाला, बघ. भांड्यांच्या दुकानात मागे एक आरसा काढलाय आणि त्या आरशात लॅपटॉपसमोर बसलेला मी आहे, पाठमोरा. २०१३ मध्ये मी ते चित्र स्कॅन केलं, गेममध्ये घातलं, काढून टाकलं, आणि बघितलं नव्हतं.

भाचीबाई, डबा शनिवारी रात्री साडेआठला पोचेल. चौघींना पुरेल एवढा, वांग्याची भाजी आणि पोळ्या, आजीने जॅमची बाटलीही द्यायचं ठरवलंय, नाही म्हणू नकोस. मी गेटवरच देईन. आत येणार नाही, काय करताय ते विचारणार नाही, सूचना करणार नाही. शपथ.